‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे त्रास मनाचा’ : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, शस्त्रक्रियेविषयीचा एक लांबलचक संदेश ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून गेले काही महिने फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ऑपरेशननंतर महिनाभरात लघवीचा त्रास थांबला नाही तर ऑपरेशन फसले असे समजावे, सोनोग्राफी आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) नॉर्मल असतील तर उरलेला त्रास मनाचा किंवा वयाचा असतो, लघवीत पस सेल दिसल्या की अँटिबायोटिकचा कोर्स पुन्हा घ्यावा, पाणी कमी प्यावे आणि केगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम करावेत, ग्रंथी काढल्यामुळे कर्करोगाची काळजी मात्र कायमची मिटते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, आणि यातले एखादे वाक्य एखाद्या रुग्णाला लागूही पडेल. तरीही या सगळ्या सल्ल्यांत एकच खोट आहे, ती अशी की त्रास नेमका कोणत्या जातीचा आहे हे विचारण्याआधीच त्यांनी उत्तर देऊन टाकले आहे.

महिनाभराची मुदत मुळातच चुकीची आहे. दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे टीयूआरपीत, ग्रंथीचा आतला वाढलेला भाग खरवडून काढतात आणि मागे एक उघडी जखम राहते, जी भरून यायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर जळजळ होणे, घाई लागणे, वरचेवर जावे लागणे हे अपेक्षितच असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खपली सुटताना लघवी पुन्हा थोडी लालही होते. (गुठळ्या पडू लागल्या, लघवी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.) कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढली असेल तर हिशोब निराळा असतो, कारण तिथे लघवी गळण्याचा त्रास वर्षभर हळूहळू कमी होत जाऊ शकतो. उलट टीयूआरपीनंतर तीन महिने उलटले आणि त्रास तसाच असला, तर ‘होईल हळूहळू’ हे उत्तरही पुरेसे नाही.

मग ऑपरेशन फसले का? हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो तिने काहीच हाती लागत नाही, आणि माझ्या मते रुग्णाने डॉक्टरांसमोर आधी मांडायची गोष्ट म्हणजे धारेचा इतिहास. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यावर धार छान सुटली आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा बारीक होत गेली, तर मूत्रमार्ग किंवा मूत्राशयाचे तोंड जखमेच्या वणामुळे आक्रसल्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. धार पहिल्या दिवसापासून सुधारलीच नाही, तर ग्रंथीचा काही भाग शिल्लक राहिला आहे किंवा मूत्राशयाचा स्नायूच अशक्त आहे, या दोन शक्यता पुढे येतात. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून थकलेला किंवा मधुमेहाने संवेदना हरवलेला मूत्राशय, दार मोकळे केले तरी आपोआप रिकामा होत नाही. धार उत्तम आहे पण घाई, जळजळ आणि वारंवारता आहे, तर शोध तिसऱ्याच दिशेने न्यावा लागतो. तिन्ही प्रकारचे रुग्ण ‘त्रास आहे तसाच आहे’ असेच सांगतात, आणि तिघांवरचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे असतात.

आता संदेशातले सर्वांत घातक वाक्य. सोनोग्राफी आणि पीएसए नॉर्मल असणे म्हणजे कारण नसणे, हे अनुमान टिकत नाही. पोटाच्या सोनोग्राफीत मूत्रमार्ग आतून दिसत नाही, त्यामुळे आक्रसलेला मार्ग तिच्यातून निसटतो. त्यासाठी मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढावे लागतात किंवा दुर्बिणीने पाहावे लागते. मूत्राशयाच्या अस्तरात सपाट पसरणारा प्राथमिक अवस्थेतला कर्करोग सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, आणि त्याची लक्षणे हुबेहूब घाई-जळजळीचीच असतात. म्हणून लघवीत सूक्ष्म रक्त सतत सापडत असेल, विशेषतः रुग्ण धूम्रपान करणारा असेल, तर दुर्बीण आणि लघवीतील पेशींची तपासणी टाळू नये. पीएसए तर मूत्राशयाविषयी काहीच सांगत नाही. लघवीचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री उपयोगी आहे खरी, परंतु त्या वेळी किमान 150 मिलिलिटर लघवी झाली नसेल तर तिचा आलेख भरवशाचा नसतो, आणि सेकंदाला 10 मिलिलिटरहून कमी वेग आला तरी तो अडथळ्यामुळे की स्नायूच्या अशक्तपणामुळे हे तिच्यावरून ठरत नाही. ते ठरवते युरोडायनॅमिक्स, ज्यात मूत्राशयातील दाब आणि प्रवाह एकत्र मोजले जातात. दुसऱ्यांदा ऑपरेशन सुचवले जात असेल आणि अडथळा दुर्बिणीत स्पष्ट दिसलेला नसेल, तर ही तपासणी झाली आहे का हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

याहून साधी तपासणी घरातच करता येते, आणि ती कोणी सांगत नाही याचे मला आश्चर्य वाटते. माझे मामा टीयूआरपीनंतर सात महिने रात्री पाच-पाच वेळा उठत होते, आणि ‘थोडी ग्रंथी राहिली असेल’ असे ऐकून दुसऱ्या ऑपरेशनची मानसिक तयारीही त्यांनी केली होती. एका वयस्कर डॉक्टरांनी त्यांना तीन दिवस मोजपात्रात लघवी मोजून वेळेसह वहीत लिहायला सांगितले. वहीत दिसले ते असे की चोवीस तासांच्या सुमारे 1800 मिलिलिटरपैकी जवळजवळ निम्मी लघवी झोपेच्या वेळेत होत होती. पासष्टीपुढच्या माणसात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त असेल तर रात्री मूत्रपिंडेच जास्त लघवी तयार करत आहेत असे मानतात, आणि अशा वेळी प्रोस्टेटला दोष देण्यात अर्थ नसतो. मामांचे पाय संध्याकाळी सुजत. रक्तदाबासाठी ते अ‍ॅम्लोडिपिन घेत होते, ज्याने घोट्यांना सूज येणे हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. दिवसा पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि उठणे दोनवर आले. प्रत्येकाचे कारण हेच असेल असे नव्हे. हृदयाची दुर्बलता, झोपेत श्वास अडखळणे, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवीची गोळी यांनीही हेच होते. मधुमेहासाठी हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे लघवी वाढते, आणि काहींना जननेंद्रियावर बुरशीचा संसर्ग होऊन जळजळही होते. म्हणून युरॉलॉजिस्टकडे जाताना केवळ ऑपरेशनची फाईल न नेता सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

त्रास मनाचा, या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे : काळजीने लक्षणे वाढतात. पण ‘मनाचा’ म्हणून सोडून दिलेल्या दुखण्यांपैकी काही दुखणी बोटाने चाचपता येतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिले तर गुदद्वार आणि वृषणांमागच्या भागात दुखते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, आणि गुदमार्गातून तपासताना तो ताठ, दुखरा स्नायू डॉक्टरांना लागतो. क्वचित दिसणारे, पण हमखास चुकणारे एक कारण जघनास्थीच्या सांध्याची सूज हे आहे. चालताना पुढच्या हाडावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस दुखते, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ असू शकतो, आणि निदान एमआरआयने होते. ज्यांना आधी रेडिएशन मिळाले आहे त्यांच्यात हा संशय लवकर घ्यावा. लघवीच्या तक्रारीबरोबर पायांत नवा अशक्तपणा किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, तर ते मणक्याचे लक्षण असू शकते आणि त्यात उशीर करून चालत नाही.

पस सेलच्या नावातच पू असल्याने माणूस घाबरतो. प्रत्यक्षात त्या पांढऱ्या पेशी आहेत; टीयूआरपीची जखम भरत असताना त्या काही आठवडे, कधी काही महिने, लघवीत दिसतातच, आणि केवळ त्यांच्यावरून जंतुसंसर्ग सिद्ध होत नाही. त्यासाठी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, हवे, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी दिलेल्या नमुन्याचे. पस सेल महिनोन्‌महिने टिकतात आणि कल्चर दरवेळी निर्जंतुक येते, तेव्हा आणखी एक कोर्स हे उत्तर नसून खडा, मूत्राशयाचा कर्करोग आणि आपल्या देशात तर विशेषकरून मूत्रसंस्थेचा क्षयरोग (टीबी) हे प्रश्न आहेत. टीबीचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे अनेक नमुने देऊन वेगळे कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करावे लागते. याउपर गोम अशी की लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे, जी अशा वेळी सर्रास लिहून दिली जातात, क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी काम करतात. औषधप्रतिरोधक टीबीच्या उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन वापरलेच जाते. परिणामी थोडे दिवस बरे वाटते, तपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, आणि निदान लांबते. याच गटातील औषधांमुळे स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध (टेंडन) तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 साली दिला होता, आणि साठीपुढे तो धोका अधिक असतो.

पाणी कमी करण्याविषयी फार लिहायला नको : पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठही वाढते, कमी करायचे ते झोपण्यापूर्वीचे पाणी आणि दिवसभराचा चहा. केगलचे व्यायाम संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर लघवी गळत असेल तर निश्चित उपयोगी आहेत. परंतु वर सांगितलेल्या आवळलेल्या स्नायूंच्या रुग्णाने ते केले तर आधीच आखडलेली मूठ आणखी घट्ट करण्यासारखे होते. त्याला स्नायू सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हवा.

राहिला कर्करोग. टीयूआरपीत ग्रंथीचा बाहेरचा थर शिल्लक राहतो, आणि प्रोस्टेटचे बहुतेक कर्करोग त्याच थरात उगम पावतात, म्हणून पीएसए पूर्वीसारखाच पाहत राहावा लागतो. कर्करोगासाठी ग्रंथी पूर्ण काढलेल्यांना तर तो अधिकच पाहावा लागतो. तिथे तो जवळजवळ शून्य अपेक्षित असतो आणि सलग दोनदा 0.2 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) किंवा त्याहून जास्त आला तर रोग परतल्याचा संशय घेतात. शिवाय टीयूआरपीत खरवडून काढलेले तुकडे बायोप्सीसाठी पाठवले जातात, आणि अनपेक्षित कर्करोग कधीकधी त्यांतच सापडतो. हा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो, त्यामुळे तो आणायचा राहून जातो; फाईलमध्ये तो नसेल तर रुग्णालयातून मागून घ्यावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती द्यावा.