‘एका माणसावरून विज्ञान होत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार सर. नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून सर म्हणते. व्यक्तीनुसार मानसोपचार ठरवण्याविषयीच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘एका माणसावरून विज्ञान होत नाही. बाईंनी वह्या लिहून डिप्रेशन बरं करायचं दुकान मांडलंय. आकडेही धड तपासलेले नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांना पेशंटमागे दहा मिनिटं मिळत नाहीत, हे यांना कोण सांगणार?’

आकड्याचं मान्य. १,०३० च्या जागी १,३०० टाइप झालं होतं, दुरुस्त केलंय. पण त्या आकड्याशी थोडं थांबला असतात तर बरं झालं असतं. अमेरिकेतल्या स्टार-डी या अभ्यासातल्या ३,७०३ नैराश्यग्रस्तांची लक्षणं फ्रीड आणि नेसी या संशोधकांनी २०१५ मध्ये तपासली, तेव्हा लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच निघाले. त्यांतले ५०१ संच तर फक्त एकेकाच रुग्णात सापडले. या सगळ्यांना आपण एकच नाव देतो, डिप्रेशन.

आणि दुकान कसलं हो? या ब्लॉगवर एक जाहिरात नाही, कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. मतभेद असू द्या, पण हा शब्द मला लागला.

‘एका माणसावरून’ म्हणता, तर लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधले मानसशास्त्रज्ञ शपिरो यांनी रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत त्याची प्रश्नावली बनवण्याची पद्धत १९६१ मध्येच मांडली होती. २०१८ मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यासांतली माहिती तपासून दाखवलं, की एकाच माणसात वेळोवेळी होणारे चढउतार गटातल्या माणसामाणसांतल्या फरकापेक्षा दोन ते चार पट मोठे असतात. म्हणजे गटाच्या सरासरीवरून माझं काय होईल हे सांगता येत नाही. हे विज्ञान नाही, तर काय आहे?

मी स्वतः यातून गेले आहे. एका दवाखान्यात मला झोपेसाठी सगळ्यांना देतात तोच छापील कागद दिला : चहा बंद, मोबाइल बंद, दहाला दिवे बंद. सगळं पाळलं. तरी पहाटे तीनला टक्क जाग. पुढे दुसऱ्या समुपदेशक बाईंनी दोनशे पानी वहीत रकाने आखून दिले : जाग किती वाजता आली, जेवण, कुणाशी बोललात. एक्केचाळीस दिवसांनी आम्ही दोघींनी ती वही उघडली. ज्या दिवशी कुणाशीच बोलणं झालं नव्हतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीच बहुतेक वेळा ‘३.१०’, ‘२.५५’ असे आकडे होते. मग उपचार झोपेपासून नाही, संध्याकाळी बहिणीला फोन करण्यापासून सुरू झाला. गोळ्या चालूच होत्या, आणि त्या सोडा असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा, नीट वाचा.

दहा मिनिटांचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे, आता त्यात शिरत नाही.

एक विनंती : पुढची प्रतिक्रिया देणार असाल तर नावानिशी द्या. मी माझ्या नावानं लिहिते.