गुपीचं काम मिळालं नाही त्याची गोष्ट

परवा एका मित्राशी कडकडून वाद झाला. त्याचं म्हणणं, दिग्दर्शक आणि नटाची मैत्री वगैरे काही नसतं, सगळा सोयीचा मामला. ज्याच्याशी जमतं त्यालाच पुन्हा पुन्हा घ्यायचं आणि लोकांनी ‘जोडी जोडी’ करायचं. मी बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय आणि त्यांचा नट सौमित्र चटर्जी ही नावं पुढे केली. तो हसला. “चौदा सिनेमे! म्हणजे माझंच खरं.” मी गप्प. (वादातली उत्तरं मला घरी आल्यावर, चपला काढताना सुचतात.)

तर आता उत्तर. सोयच असती तर सुरुवात नकाराने झाली नसती. अपू नावाच्या पोराच्या गोष्टीवरचा रायांचा सिनेमा ‘अपराजितो’, त्याच्या वेळी सौमित्र त्यांना भेटला होता. विशीतला, उंचापुरा. तिथे अपू अजून पोरगेला हवा होता, त्यामुळे काम मिळालं नाही. पण रायांनी तो चेहरा डोक्यात ठेवून दिला. पुढे ‘जलसाघर’च्या सेटवर सौमित्र सहज शूटिंग बघायला गेला, तेव्हा त्यांनी त्यातले नट छबी बिश्वास यांच्याशी त्याची ओळख करून दिली ती ‘माझ्या पुढच्या चित्रपटातला अपू’ अशी. बिचाऱ्याला स्वतःलाही ते तिथेच कळलं! १९५९ला ‘अपूर संसार’ आला. मी तो पहिल्यांदा पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. शेवटी पोराला खांद्यावर घेऊन निघालेला तो दाढीवाला अपू पाहून बाहेर आलो आणि बस सोडून चालत घरी गेलो.

‘चारुलता’साठी (१९६४) सौमित्रने अक्षर बदललं. त्याने केलेल्या अमलचा काळ एकोणिसाव्या शतकातला, तेव्हाचं बंगाली वळण वेगळं, म्हणून बसून गिरवलं. पडद्यावर ती वही किती वेळ दिसते? फार नाही. पण एकाने मागावं आणि दुसऱ्याने ‘कशाला?’ न विचारता बसावं, यात मला सोय दिसत नाही.

आणि मधल्या काळात सिनेमाच्या बाहेरही यांचं काहीतरी चालू होतं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९६१पासून सौमित्र आणि निर्माल्य आचार्य ‘एक्षण’ नावाचं साहित्याचं नियतकालिक काढत होते. नाव रायांनी सुचवलेलं, मुखपृष्ठंही त्यांचीच. ‘एक्षण’ ही तीनच अक्षरं, पण तीच वाकवून, फुगवून, ताणून दर वेळी नवं रूप. पुढे रायांच्या पटकथाही तिथे छापून आल्या. ‘सत्यकथा’चे जुने अंक जपून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, की मासिक काढणाऱ्यांची दोस्ती हा एक निराळाच प्रकार असतो. तिथे स्टार कोणी नसतो, प्रेसची उधारी तेवढी असते.

म्हणूनच बहुधा पुढचे नकार पचले. ‘नायक’ (१९६६) हा सिनेमाच एका सिनेस्टारवर, आणि राय गेले उत्तमकुमारकडे. कोलकात्यात तेव्हा उत्तम की सौमित्र यावरून घराघरात भांडणं, पुलंवाले आणि अत्रेवाले झक मारतील अशी! आपल्या माणसाला डावलून समोरच्या पार्टीचा हिरो घ्यायचा, तरी संबंध तुटले नाहीत. (आणि उत्तमकुमारने काम काय केलंय! रायांचं बरोबरच होतं.)

मग आला ‘गुपी गायने बाघा बायने’. त्यातल्या गाणाऱ्या गुपीचं काम सौमित्रला मनापासून हवं होतं, त्याने ते मागितलंही. माणिकदांचं, म्हणजे रायांचं, उत्तर साधं होतं: तू शेतकऱ्याच्या पोरासारखा दिसत नाहीस. संपलं. गुपी तपेन चटर्जींनी केला, १९६९ला. आणि पुढच्याच वर्षी ‘अरण्येर दिनरात्रि’त सौमित्र होताच.

मी कल्पनेत अनेकदा सौमित्रला गुपीच्या धोतरात उभं करून बघितलंय. नाही जमत. बोटांवरूनच कळतं, या माणसाने कधी नांगर धरलेला नाही.

अकरा वर्षांनी, १९८०ला, गुपी-बाघाचा दुसरा सिनेमा आला, ‘हीरक राजार देशे’. त्यात माणिकदांनी सौमित्रला घेतलं. गुपी अर्थातच तपेन. सौमित्रला दिली पाठशाळा, राजाने कुलूप ठोकलेली, आणि तिथल्या मास्तरचं काम.