सिंहगडचा दगड भट्टीत वितळला, म्हणजे भूगर्भातला शिलारस मिळाला?

पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: 'सिंहगडचा काळा पाषाण १२०० अंशांच्या भट्टीत घाला, जमिनीखालचा शिलारस तयार. प्रयोगशाळांची दाबयंत्रं म्हणजे महागडे जॅक.' (गडाचा दगड फोडू नका. हा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, तो खाणीत हवा तेवढा मिळतो.)

'१२०० अंश पुरे.' पृष्ठभागावर वाहणाऱ्या लाव्हासाठी पुरे, आणि तिथे भट्टीच योग्य. पण कोरड्या बसाल्टचा वितळणबिंदू दर गिगापास्कलमागे (हे दाबाचं एकक) साधारण १०० अंशांनी चढतो, आणि एक गिगापास्कल म्हणजे जेमतेम ३५ किलोमीटर खोलीवरचा दाब. तिथे १२०० अंशांनाही स्फटिक उरतात, तेही वेगळ्या खनिजांचे: वर ऑलिव्हिन-प्लॅजिओक्लेज, खाली पायरॉक्सिन, आणखी खाली गार्नेट.

'वितळलं तरी रसायन तेच.' इथेच खरी गफलत आहे. उघड्या भट्टीत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात. वाघोलीच्या खाणीतला झिओलाइटवाला (झिओलाइट म्हणजे पाणी धरून ठेवणारं खनिज) दगड तापवताना वाफ सुटते खरी, पण ते पाणी लाव्हा थिजल्यावर नंतर शिरलेलं. हवेतला ऑक्सिजन लोहाचं ऑक्सिडीकरण करतो. ते आवरायला कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडचं मोजून केलेलं मिश्रण सोडावं लागतं. अ‍ॅल्युमिनाची मूस रसात विरघळते. प्लॅटिनमची घेतली तर ती लोह पिते, म्हणून दाबयंत्रात प्लॅटिनमच्या कुपीत (नमुना ठेवायची छोटी बंद नळी) ग्रॅफाइटची वाटी बसवतात.

'महागडा जॅक.' अर्ध्या इंचाच्या पिस्टनवर एक गिगापास्कल आणायला सुमारे १३ टन लागतात. तेवढं जॅकही देईल. अवघड वेगळंच आहे. टंगस्टन कार्बाइडच्या नळकांड्यात, काही मिलिमीटरवर १३०० अंश टिकवायचे आणि बाहेरून पाणी फिरवून पोलाद गार ठेवायचं. रचना बाहेरून आत अशी: मिठाची किंवा टाल्कची नळी, ग्रॅफाइटची तापनळी, मॅग्नेशियाचे तुकडे, मध्ये कुपी, तिला टेकलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). घर्षण काही दाब खातं, म्हणून गेजवरचा आकडा नमुन्यावरचा नसतो. क्वार्ट्‌झचा कोएसाइट (त्याचंच जास्त दाबाखालचं दाट रूप) किती दाबाला होतो ते पाहून यंत्राचं अंशांकन करतात.

दाबयंत्राची वीज तोडली की काही सेकंदांत रसाची काच होते. भट्टीतून काढलेली मोठी मूस मात्र गाभ्यात सावकाश निवते, तिथे स्फटिक वाढतात.

कुपीत पाणी घालून प्रयोग करायचा असेल तर कुपी वेल्ड करून वजन करा, तासभर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा वजन करा. घटलं तर वेल्ड गळतोय. ती कुपी यंत्रात घालू नका.