हजार जणांत सोलापूर मावतं का?

मोबाइलवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘सर्वेक्षणवाले हजारभर लोकांना विचारतात, त्यातून एवढ्या मोठ्या सोलापूरचं मत कसं कळणार? आमच्या पोलमध्ये त्याच्या पाचपट लोकांनी मत दिलंय. सरकारी दवाखाने नापास, निराधारांच्या योजना नापास, सरकार नापास. आणि सर्वेक्षणात लोक समाधानी निघाले, तर ते सर्वेक्षण विकलेलं.’

आधी ‘हजारभर’. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. ती दुप्पट झाली तरी हजारांच्या नमुन्याची अचूकता जवळपास तेवढीच राहते. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे 400 लोक घेतले तर उत्तर साधारण 5 टक्के इकडे-तिकडे होतं, 1,000 घेतले तर 3 आणि 2,400 घेतले तर 2. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून कुणी उगाच लाखभर लोकांना विचारत बसत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. शहर तसं नसतं. एकाच गल्लीतली 20 घरं घेतली तर नळाला पाणी एकाच वेळी, दवाखाना एकच आणि तक्रारही एकच. अशा झुबक्यांनी घेतलेले 1,000 लोक कधी कधी 500च्याच किमतीचे ठरतात आणि चूक साडेचार टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडी घरं आणि ठिकाणं जास्त, हा नियम. हजारातले सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उपचार घेतलेले शंभरच निघाले, तर त्यांच्याबद्दलच्या आकड्यात 10 टक्क्यांची चूक धरूनच बोलावं. इथे मात्र सर्वेक्षणवालेही बऱ्याचदा गडबड करतात.

‘पाचपट लोक’ हा मुद्दा दिसायला दमदार, पण पोकळ. पोलमध्ये माणूस निवडला जात नाही, तो स्वतःहून येतो, आणि चिडलेला आधी येतो. विड्या वळणारी बाई, घरातला एकच स्मार्टफोन पोराकडे असलेली आजी, मराठी लिपी न वाचणारं तेलुगू किंवा कन्नड घर, हे त्यात जवळपास नसतातच. सरकारी दवाखान्याची पायरी सर्वांत जास्त चढणारे तेच. मत देणाऱ्याचं वय, प्रभाग काहीच नोंदलेलं नसल्यामुळे नंतर दुरुस्तीही करता येत नाही. पाच हजारांचे पन्नास हजार झाले तरी तीच चूक तशीच राहते.

घरोघरी जाणाऱ्यांनाही हे आपोआप साधत नाही. सकाळी गेलात तर विड्या जमा करायला गेलेली बाई भेटत नाही. तिच्याऐवजी दार उघडेल त्याला विचारलं की नमुना बिघडला. घरातल्या प्रौढांतून ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला तोच निवडायचा, नाही भेटला तर संध्याकाळी पुन्हा जायचं, किमान दोनदा. प्रश्नावली तेलुगू, कन्नड, उर्दूत आधीच छापलेली हवी. दारात उभं राहून भाषांतर केलं की प्रत्येक जण निराळाच प्रश्न विचारतो.

‘सरकार नापास.’ कुठलं सरकार? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, शहरातले नागरी दवाखाने महापालिकेचे, सिव्हिल राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं, विडी कामगारांचे दवाखाने केंद्राच्या श्रम मंत्रालयाचे. 15 ऑगस्ट 2023पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. ‘सरकारी दवाखान्यात पैसे लागतात का?’ असं मोघम विचारलं, तर सिव्हिलमधून आलेला आणि ग्रामीण रुग्णालयातून आलेला उलट उत्तरं देतील, आणि दोघंही खरं बोलत असतील. योजनांचंही तेच. दारिद्र्यरेषेखालच्या 65 ते 79 वयाच्या ज्येष्ठाला मिळणाऱ्या 1,500 रुपयांत केंद्राचे 200 आणि उरलेले राज्याचे. पैसे दोन महिने रखडले तर शिव्या तहसीलला, कारण अर्ज तिथे दिलेला असतो. पोलमधला ‘होय/नाही’ यातलं काय मोजतो, हे पोल काढणाऱ्यालाच सांगता येईल.

त्यात प्रश्न असा: ‘दवाखान्यांची आणि पाण्याची दुरवस्था तुम्हाला मान्य आहे का?’ दोन प्रश्न एकात, आणि उत्तर प्रश्नातच. दिवसाआड पाणीही न मिळणारा माणूस ‘होय’ म्हणणारच, त्यात दवाखान्याचा काय संबंध?

राहिला ‘विकलेलं’ हा आरोप. समाधानाचे आकडे फुगतात हे खरं, पण त्यासाठी कुणाला पैसे खावे लागत नाहीत. ओपीडीच्या दारात, सिस्टर ऐकत असताना विचारलं की पेशंट ‘चांगलं आहे’ म्हणतो, कारण त्याला परत तिथेच यायचं असतं. हेच घरी जाऊन विचारावं आणि ‘समाधानी आहात का’ हा शब्दच टाळावा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत (2017-18) आजारपणासाठी मागचे 15 दिवस आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी मागचे 365 दिवस अशी मुदत आखून दिली होती. मुदत अशी बांधली की ऐकीव गोष्टी गळतात. मग विचारावं: केसपेपर काढल्यापासून डॉक्टर दिसेपर्यंत किती मिनिटं गेली? लिहून दिलेल्या औषधांपैकी किती आत मिळाली, किती बाहेरून आणली, आणि मेडिकलवाल्याला किती रुपये दिले?