बार उडेल तेव्हा उडेल

ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची, घ्यायची तर गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी चकमकीची घ्यावी की ठोक्यानं पेटणारी टोपीची, एवढंच काल नेमबाजीच्या मैदानावर विचारलं. शेजारचे काका ताडकन उठले.

"टोपी बसवली, चाप ओढला, बार उडाला. यात तुम्ही काय केलंत?"

"बार उडवला."

"तो बंदुकीनं उडवला!"

मग प्रात्यक्षिक. काकांनी गारगोटीची धार नखावर तपासली, नळीलगतच्या प्याल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घातली, सगळ्यांना गप्प केलं. खट्. "हवा दमट आहे." प्याला पुसून नवी रंजक. फुस्स! भडका झाला, भुवया वाचल्या, नळीतली दारू ढिम्म. "कान तुंबलाय." कान म्हणजे जाळ नळीत शिरायचं भोक. सुई निघाली. मी घड्याळ बघितलं. "बघू नका! या थांबण्यातच नेमबाजी आहे. डोळ्यांपुढे जाळ झाला तरी नेम हलता कामा नये."

"मग जामगीच घ्या की काका. पेटती वात धरून हिंडायचं."

काका विचारात पडले. मी थट्टा केली होती.

टोपीच्या मुळाशी अलेक्झांडर फोरसिथ नावाचा स्कॉटिश पाद्री. रंजकेचा भडका बघून पाखरं सटकतात म्हणून हा वैतागला आणि ठोक्यानं पेटणाऱ्या फुल्मिनेट नावाच्या स्फोटकाच्या नादी लागला. १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याची टोपी पुढे आली. पाद्र्यालासुद्धा जिथं धीर धरवला नाही, तिथं मी कोण?

पलीकडून एक पोरगा ओरडला, "दोनशे नऊ घ्या!" म्हणजे शॉटगनच्या काडतुसातली दारू पेटवणारा प्रायमर, जाळ दणदणीत. काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

कामाचं मात्र कुणी बोलेना. काळ्या दारूला पर्याय म्हणून मिळणारी दारू पेटायला जास्त आच मागते. चकमकीच्या भरवशावर ती राहत नाही. म्हणजे चकमक घेतली की खरी काळी दारू शोधणं आलं, आणि ती ठेवायला दुकानदार कुरकुरतात. हे माझं मला वाचून काढावं लागलं. चारित्र्यावर प्रवचन मात्र फुकट, तेही न मागता.

अखेर काकांचा बार उडाला. गोळी कुठं गेली हे धुरात कुणालाच दिसलं नाही. काकांच्या मते मधोमध.

"टोपीची कधी वापरलीच नाहीत?"

"वापरतो की. दमट हवेत तीच बरी. गाडीत आहे."

"मग आज का नाही काढली?"

"आज लोक बघताहेत ना!"