एक कोंबडा, वीस कोंबड्या आणि ‘वाचलेली’ पेद्रेश

‘पेद्रेश पोर्तुगेझा ही पोर्तुगालची जुनी जात टिकवायची? एक देखणा पट्टेरी कोंबडा, वीस कोंबड्या आणि अंडी उबवायचं यंत्र पुरे. फक्त तिला खाऊ नका.’ हा सल्ला बराच फिरतो आहे.

एक कोंबडा पुरे? वंशाच्या दृष्टीने कळप खरोखर किती पक्ष्यांएवढा, याचा हिशेब असा: ४ × नर × माद्या ÷ एकूण पक्षी. १ नर आणि २० माद्या असल्या की उत्तर ३.८. म्हणजे कळप एकवीसचा, पण रक्त जेमतेम चार पक्ष्यांचं. कोंबड्या १०० केल्यात तरी आकडा ३.९६ च्या वर जात नाही. दर पिढीला सुमारे १३ टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातलं प्रजनन) वाढतं. मग अंडी फळत नाहीत, पिल्लं कवचातच मरतात. त्याच २० कोंबड्यांना ५ कोंबडे द्या, आकडा १६ होतो आणि वाढ ३ टक्क्यांवर येते. तीन खुराडी करा: तलंगा आईच्याच खुराड्यात ठेवायच्या, नर पिल्लं मात्र पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पहिल्यात. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका. आधीच्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात तेवढं टिकतं.

पट्टे दिसले म्हणजे शुद्ध? इथेच बहुतेक जण फसतात. पट्टे एका प्रबळ जनुकाचे. कोंबड्यात त्याच्या दोन प्रती, म्हणून तो फिकट. कोंबडीत एकच, म्हणून ती गडद. शुद्ध पेद्रेश कोंबडा परक्या काळ्या कोंबडीला लावला तरी सगळी पिल्लं पट्टेरीच निघतात, आणि निदान तलंगांमधला संकर नुसतं बघून कळत नाही. प्लायमाउथ रॉक ही अमेरिकन जातही बऱ्याचदा पट्टेरीच असते. पोर्तुगालचीच दुसरी देशी जात, प्रेता लुझितानिका (दचकू नका, पोर्तुगीजमध्ये ‘प्रेता’ म्हणजे काळी), त्याच अंगणात मोकळी असेल तर घोटाळा ठरलेलाच. पायात क्रमांकाची कडी आणि आई-बापाची वही, याला पर्याय नाही.

यंत्र? वापरा. ३७.५ अंश, २१ दिवस, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची. पण प्रत्येक कोंबडीची अंडी सारखी घ्या, नाहीतर जास्त घालणारीचाच वंश पुढे जातो. काही कोंबड्या खुडूक बसू द्या. कायम यंत्रावरच राहिलात तर बसण्याचा गुण कळपातून कधी गेला ते समजतही नाही.

खाऊ नका? निम्मी पिल्लं नर असतात. त्यातले थोडेच वंशाला लागतात. उरलेल्यांना वर्षभर फुकटचा दाणा कोण घालणार? उत्तर पोर्तुगालात, मिन्योत, ते काबिदेलाच्या, म्हणजे कोंबड्याचं रक्त घालून केलेल्या, भातात जातात. रक्त गोठू नये म्हणून ते व्हिनेगरवर धरतात आणि भात शिजत आला की शेवटी ओततात.