दोन हजारांची रशियन लेन्स "कुठल्याही कॅमेऱ्याला" बसते म्हणे

पुण्यातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "नवीन लेन्सवर पन्नास हजार घालवू नका. जुन्या बाजारात दोन हजारांत रशियन हेलिओस मिळते. पाचशेचा अ‍ॅडाप्टर लावा, कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्याला बसते. बॅकग्राउंड गोल गोल फिरतं. जुनी काच म्हणजे अस्सल काच, नव्या लेन्सला ऐकत नाही. फोकस हाताने करायचा, त्यात काय अवघड, आजोबा करायचेच की." खाली झाडीत उभ्या मुलीचा एक झकास फोटो.

मी स्वतः जुन्या मॅन्युअल लेन्स आवडीने वापरतो, म्हणूनच जास्त राग आला, कारण अर्धं खरं सांगून नवख्या पोरांना खर्चात पाडायचं काम चाललंय.

तर पहिलं, "कुठल्याही कॅमेऱ्याला बसते". बसते हो, आट्यांचा माउंट (लेन्स बॉडीला जोडायची जागा) आहे, फिरवला की बसणारच, पण फोकस कुठपर्यंत होतो ते विचारा ना. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक सिस्टिमचं ठरलेलं असतं, त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. फॉरवर्डातल्या ५८ मिलिमीटरच्या हेलिओस ४४-२ चा माउंट एम४२, त्याचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. कॅनन डीएसएलआरचं (आत आरसा असलेला कॅमेरा) ४४, म्हणजे दीडेक मिलिमीटर जागा उरते, तेवढ्यात पातळ अ‍ॅडाप्टर मावतो आणि काम होतं (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरची बॉडी असेल तर जपून, काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो). निकॉन डीएसएलआरचं मात्र ४६.५. म्हणजे लेन्स पाहिजे त्यापेक्षा मिलिमीटरभर पुढेच राहते. मिलिमीटरने काय होतंय म्हणाल, तर ५८ च्या लेन्सला साधारण तीन मीटरच्या पलीकडचं काही फोकसच होत नाही, वर अ‍ॅडाप्टरची जाडी धरली तर त्याच्याही अलीकडेच गाडी थांबते. पर्वतीवर चढून सिंहगड काढायला गेलात तर नुसतं धुकं येईल, डिसेंबर असो नाहीतर मे. मध्ये भिंग बसवलेले अ‍ॅडाप्टर मिळतात त्यावर, पण त्यातलं स्वस्त भिंग फोटोची वाट लावतं, मग अस्सल काचेचं कौतुक कशाला?

आपल्याकडे सेकंडहँड निकॉन डी३००० नि डी५००० सिरीजच्या बॉड्या घेऊन शिकणारे किती आहेत, त्या सगळ्यांना हा फॉरवर्ड सरळ खड्ड्यात घालतो. निकॉनवाल्यांनी जुनी निकॉनचीच लेन्स बघावी, एफ माउंट १९५९ पासून चालत आलाय. तरी या छोट्या बॉड्यांवर जुन्या मॅन्युअल लेन्सला उजेड मोजणारा मीटर चालत नाही, एक्स्पोजर अंदाजाने लावायचं, स्क्रीन बघायची, परत लावायचं. कॅननची जुनी एफडी लेन्स तर कॅननच्याच डीएसएलआरला नीट चालत नाही, तिचं अंतर ४२.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी, इथे फॉरवर्ड बरोबर आहे. सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६ मिलिमीटर, भरपूर जागा, अ‍ॅडाप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी, काच नाही काही नाही. मेनूत जाऊन "लेन्सशिवाय शटर" हे चालू करायचं, नाहीतर बरेच कॅमेरे क्लिकच करत नाहीत, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ ५८ अशी हाताने भरायची, मागच्या लेन्सचा आकडा तसाच राहिला तर स्टॅबिलायझेशन भलतंच काम करतं.

"बॅकग्राउंड गोल फिरतं." फिरतं, पण फ्रेमच्या कडांना. ही लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मसाठी बनलेली, एपीएस-सी, म्हणजे त्याहून छोटा सेन्सर मधलाच भाग घेतो आणि ज्या कडांसाठी तुम्ही लेन्स घेतली त्याच बाहेर राहतात. वर १.५ क्रॉपने ५८ चा कोन ८७ सारखा होतो, म्हणजे घरातल्या खोलीत पोर्ट्रेट काढायचं तर पाठ भिंतीला टेकते. शिवाय मागे पानांतून ऊन झिरपणारी झाडी, माणूस जवळ, झाडी लांब, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण म्हणजे एफ २ ला उघडं, हे सगळं जुळलं तर. सपाट भिंतीपुढे काढा, काहीही फिरणार नाही.

"जुनी काच अस्सल." अहो, ती झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी त्या काळची किट लेन्स, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जर्मन झाइस बायोटार लेन्सची सोव्हिएत नक्कल, लाखोंनी काढलेली. दुर्मिळ वगैरे काही नाही, "रेअर पीस" म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा. कोटिंग साधं, समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट ढासळतो आणि सगळ्यावर दुधट पडदा येतो. मला तो पडदा आवडतो! संध्याकाळी मुद्दाम काढतो. पण आवडणं वेगळं आणि "नव्या लेन्सला ऐकत नाही" वेगळं, एफ २ ला आजची सगळ्यात स्वस्त ५० एफ १.८ पण कडांना हिच्यापेक्षा स्वच्छ दिसते.

आता आजोबा. आजोबांच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल फोकससाठीच केलेली स्क्रीन असायची, बऱ्याच कॅमेऱ्यांत मधोमध दोन तुकड्यांत तुटलेली आकृती दिसायची, रिंग फिरवून तुकडे जुळले की फोकस. आजच्या स्वस्त डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर छोटा, त्यात एफ २ ची खरी डेप्थ दिसतच नाही, डोळ्याला शार्प वाटतं आणि घरी येऊन बघावं तर कान शार्प, डोळा गेला. दीड मीटरवर एफ २ ला एपीएस-सी वर शार्प पट्टा भरतो जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) मोठा करूनच फोकस करा, मिररलेसवर पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) आहे पण उघड्या अ‍ॅपर्चरला त्याच्यावरही पूर्ण भरवसा नको. बसलेला माणूस, देवळातला दगड, तुळशीबागेतली भांडी, इथे मजा येते. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथक अंगावर येतंय, किंवा भिगवणला फ्लेमिंगो उठलेत, तिथे ऑटोफोकस असेल तर गुपचूप तोच वापरा.

राहिले दोन हजार. पुण्याचा पावसाळा आणि कपाटात वर्षानुवर्षं पडलेली लेन्स म्हणजे बुरशी आलीच म्हणून समजा. घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की खाली ठेवा, कारण बुरशी कोटिंग खाते आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेल चमकतंय का, फोकस रिंग वाळलेल्या ग्रीसने जड झालीय का, तेही बघा. सर्व्हिसिंगला टाकली की दोन हजार कुठल्या कुठे जातात. धूळ मात्र चालते, दोन-चार कणांनी फोटोत काही दिसत नाही, उलट त्यावरून भाव पाडून घ्या.

आणि ग्रुपवर "घेऊ का?" विचारताना कॅमेऱ्याचं मॉडेल लिहा राव, नुसता लेन्सचा फोटो टाकून कोण काय सांगणार.